शनिवारी साउंडबार येतोय

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "कशाला गं उगाच खर्च" म्हणून विषय संपवला असता, म्हणून लिहूनच कळवतेय. हॉलमधल्या टीव्हीसाठी साउंडबार घेतलाय, म्हणजे टीव्हीसमोर ठेवायचा लांबट स्पीकर. पैसे भरून झालेत. शनिवारी सकाळी शालिमारच्या दुकानातला मुलगा घरी येऊन लावून देईल. ऑनलाइन थोडा स्वस्त मिळत होता, पण उद्या काही बिघडलं तर तुम्ही दोघांनी खोकं घेऊन कुरिअरवाल्यांच्या मागे फिरायचं का? दुकान काकांच्या ओळखीचं आहे, रिक्षाने दहा मिनिटांवर.

बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही असं मी म्हणत नाहीये. निम्मा दोष टीव्हीचाच आहे. हल्लीचे टीव्ही इतके पातळ असतात की स्पीकरला जागाच उरत नाही. ते खालच्या नाहीतर मागच्या बाजूला बसवतात आणि आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. उरलेलं वयाचं. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज कमी होतात, त्यामुळे स, श, फ अशी अक्षरं निसटतात. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. मग तुम्ही आवाज वाढवता, त्याबरोबर मागचं संगीतही वाढतं, आणि आईचं डोकं दुखायला लागतं. दिवाळीत बघितलं ना मी, बातम्या लागल्या की ती मटार सोलायला स्वयंपाकघरात जाते आणि तिची मालिका लागली की तुम्ही गॅलरीत.

म्हणून धडामधुडूम करणारा घेतला नाही. दादा म्हणत होता पाच-पॉइंट-एकच घे, म्हणजे पाच स्पीकर आणि घुमणाऱ्या आवाजाचा एक ठोकळा. पण त्याचे मागचे दोन स्पीकर दिवाणामागे ठेवायचे, वायरी सगळ्या हॉलभर, आणि आई, तुझा गुडघा! मी तीन-पॉइंट-एक घेतलाय. डावा, उजवा आणि मधोमध एक वेगळा स्पीकर, जो मुख्यतः माणसांच्या बोलण्यासाठी असतो. शिवाय रिमोटवर बोलणं स्पष्ट करणारं एक बटण आहे. बाबा, ते कायम चालू ठेवायचं. साडेबारा हजारांत बसला. खोक्यांवर पाचशे वॉट, हजार वॉट लिहिलेलं असतं, पण तो बहुतेक वेळा क्षणभराचा कमाल आकडा असतो. आपल्या हॉलला त्याचा पाव भागही पुरे. ॲटमॉस, म्हणजे वरूनही आवाज येतो असं वाटायला लावणारे, असं लिहिलेलेही स्वस्तात दिसले, पण छताकडे तोंड केलेले स्पीकर नसतील तर तो नुसता भास असतो. त्यासाठी जास्तीचे पैसे कशाला घालायचे?

सोबत तो एक ठोकळा येईल, तो सबवूफर. खालच्या पट्टीतले आवाज त्यातून येतात. तो कोपऱ्यात नको, तिथे जास्त घुमतो. त्याचा आवाज सगळ्यात कमी करून ठेवायला सांगा. खालच्या आजींना दुपारी झोप लागते.

मुलाला हे वाचून दाखवा: टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआय भोकाशेजारी एआरसी लिहिलंय, तिथेच साउंडबारची वायर लावायची, टीव्हीचा आवाज तिथूनच बारकडे जातो. मी दिवाळीत फोटो काढून आणलाय, ते भोक आहे. सध्या तिथे सेट-टॉप बॉक्सची वायर आहे, ती शेजारच्यात जाईल. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करायचं, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होईल. नवीन रिमोट शिकायची गरज नाही. तो मुलगा ब्लूटूथवर जोडून निघून जाईल, जाऊ देऊ नका. त्यात कधीकधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. बार टीव्हीसमोर ठेवताना टीव्हीवरची रिमोटचा सिग्नल घेणारी जागा झाकायची नाही. बारवर क्रोशाचा रुमाल घालायचा नाही. आई, हे तुझ्यासाठी. बिलात फरक जाणवणार नाही इतकीच वीज लागते.

बाबा, मला सारखे सकाळचे सात-पाच आठवतात. प्रादेशिक बातम्या लागल्या की तुम्ही बोट ओठांवर ठेवायचात आणि मी तुमच्या मांडीवर बसून मोजे घालायचे, अजिबात आवाज न करता. ट्रान्झिस्टर केवढासा होता, तरी एकही शब्द सुटायचा नाही तुमचा. मे महिन्यात वसंत व्याख्यानमालेला गोदाघाटावर न्यायचात, मी झोपून जायचे, आणि घरी आल्यावर आईला तुम्ही अख्खं व्याख्यान सांगायचात. यंदा गेला नाहीत. गर्दीचं कारण सांगितलंत, मी काही बोलले नाही. पण तुमच्याजवळचे शब्द असे एकेक करून कमी होत जावेत, हे मला सहन होत नाही.

म्हणून दुसरी गोष्ट, आणि यावर वाद नको. सोमवारी साडेपाचला कॉलेज रोडच्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. कानात मळ साठला असेल तरी कमी ऐकू येतं, तो काढला की संपलं. नसेल तर ऑडिओमेट्री करतात. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. दुखत नाही, सुई नाही. कानाला मशीन लागेल असं आत्ताच कोणी म्हणत नाहीये, आणि लागलंच तर चष्मा लागतो तसंच ते. साउंडबारने टीव्ही ऐकू येईल, पण रस्त्यावरचा हॉर्न येणार नाही. पंचवटी कारंजाजवळ काय झालं ते मी विसरलेले नाही.

आई, तू बरोबर जा. ते "सगळं ठीक आहे" म्हणून परत येतील. बीपीच्या गोळ्यांची यादी जवळ ठेव, डॉक्टर विचारतील. साउंडबारचं बिल आणि वॉरंटी कार्ड लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात, एलआयसीच्या फायलीत ठेव. खोकं महिनाभर टाकू नका, बदलून घ्यावा लागला तर लागेल. आणि पैसे परत पाठवायचे नाहीत. मागच्या वेळी मिक्सरचे पाठवलेत तसे पाठवलेत तर मी बोलणार नाही.

तुमची,
मनू