तिकीट न काढलेला प्रवासी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या पानावर सातपूरला कंत्राटी काम करणाऱ्या एका तरुणाचे पत्र आले होते. पगार पुरत नाही, वशिल्याने पुढे गेलेले डोळ्यांदेखत बंगले बांधतात, मग सरळ माणसाने उमेद धरायची ती कशाच्या जोरावर, असे त्याने विचारले होते. पत्र मी दोनदा वाचले आणि कात्रण काढून ठेवले. त्याच्या वयाचा असताना मलाही हेच वाटायचे. त्याला माझ्याकडून सांगण्यासारखे जे आहे ते गाडीतले आहे, म्हणून गाडीतलेच सांगतो.

मी 1987 ते 2018 अशी एकतीस वर्षे एसटीत कंडक्टर होतो. त्यातली बरीचशी पेठ, सुरगाणा, हरसूल या बाजूच्या गाड्यांवर गेली. ड्यूटीवर निघताना कंडक्टरला स्वतःच्या खिशातली रक्कम वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहावी लागते. चहापाण्यासाठी जवळ पन्नास रुपये असतील तर पन्नास. वाटेत तपासणीवाले चढले की आधी डोकी मोजतात, मग तिकिटे, मग बॅगेतली रोकड. रोकड कमी भरली तर कंडक्टर दोषी, जास्त भरली तरी दोषी; जास्तीचे पैसे म्हणजे कुणाचे तरी तिकीट फाडलेले नाही. नवीन असताना मला या नियमाचा राग यायचा. घरून दिलेले वीस रुपये कागदावर का मांडायचे? पुढे त्याची सवय झाली आणि मग तो आधार वाटू लागला. संध्याकाळी भरणा करून डेपोबाहेर पडलो की खिशात आहे ते माझे आहे, हे मला जसे माहीत तसे कागदालाही माहीत. पगार तुटपुंजा होता. दर जूनला मुलीची पुस्तके पंचवटी कारंजावरच्या दुकानातून उधारीवर यायची, आणि दुकानदार एकदाही 'कधी देणार' म्हणाला नाही.

कंडक्टरला मोह पडतो तो कधीच मोठ्या रकमेचा नसतो. पेठ नाक्यावर चढलेला माणूस हळूच म्हणतो, "तिकीट राहू द्या, निम्मे घ्या." त्याचे निम्मे वाचले, कंडक्टरला निम्मे मिळाले, गाडी तर जाणारच होती. नुकसान झालेच तर सरकारचे. सुरुवातीची पाच-सहा वर्षे या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी पैसे घेत नसे, ते नोकरीच्या भीतीने. दोन-चार रुपयांच्या अपहारावरून कंडक्टर घरी बसलेले मी पाहिले होते. रक्कम किती हा मुद्दा नाही, विश्वास गेला की नोकरी गेली, असे सर्वोच्च न्यायालयानेही कंडक्टरांच्या प्रकरणांत म्हटले आहे.

उत्तर मिळाले ते घाटापलीकडच्या एका गावात. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे मुक्कामी गाडी जायची. संध्याकाळी नाशिकहून सुटायची, रात्री गावात थांबायची आणि पहाटे साडेपाचला परत निघायची. पहाटेच्या त्या फेरीला नागलीची पोती, आजारी माणसे, पास घेतलेल्या शाळकरी मुली, सगळे एका गाडीत. आम्ही दोघे कंडक्टर आलटून पालटून त्या फेरीवर होतो. दुसऱ्याचे हात साफ नव्हते. मला ते कळत होते, कारण माझ्या दिवशी त्याचे नेहमीचे प्रवासी निम्मेच पैसे पुढे करायचे आणि तिकीट दिले की नाराज व्हायचे. मी कुणाला काही बोललो नाही. सोबतचा माणूस, घरी आजारी आई. आपण कशाला, असे म्हणत राहिलो.

दोन वर्षांनी ती फेरी उत्पन्न नाही म्हणून बंद झाली. ज्यांनी बंद केली त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे भारमानाचा, म्हणजे गाडी किती भरते याचा, आकडा होता आणि त्या आकड्यात गाडी निम्मी रिकामी दिसत होती. शेवटच्या पहाटे एक म्हातारे बाबा दारात उभे राहून मला म्हणाले, "कंडक्टरसाहेब, गाडी तर रोज भरून जाते, मग रिकामी कशी हो?"

मला उत्तर देता आले नाही. डबल बेल दिली आणि निघालो.

निम्मे पैसे देऊन बसलेला माणूस गाडीत असतो, कागदावर नसतो. नुकसान सरकारचे नव्हते, त्या माणसाचेच होते, त्याच्या नातीचे होते. तिच्यासारख्या चार मुलींनी त्या वर्षी शाळा सोडली. मी पैसे खाल्ले नाहीत, पण तोंड उघडले नाही, आणि त्या चार मुलींचा विचार मनातून आजही जात नाही. त्या दिवसानंतर माझे तिकीट फाडणे नोकरीच्या भीतीपोटी राहिले नाही. माणूस मोजला गेला पाहिजे म्हणून फाडू लागलो.

दुसरी आठवण लिहिली नाही तर हे अर्धवट राहील. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, उरकून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतले मजूर दिवाळीच्या तोंडावर घरी निघतात. एकदा एका मुकादमाने सोळा जणांचे पैसे एकगठ्ठा दिले आणि म्हणाला, तिकिटे माझ्याकडे द्या. मागच्या बाकावरच्या एका बाईने लुगड्याच्या गाठीतून आपले पैसे काढले आणि ठणकावून सांगितले, "माझं तिकीट माझ्या हातात पाहिजे." मुकादम चिडला. ती बधली नाही. नंतर कळले, की मजुरीच्या हिशेबात मुकादम गाडीभाडे जास्त लावून उचलीबरोबर कापून घेत असे. तिला वाचता येत नव्हते, पण शेजारी बसलेल्या तिच्या मुलाला येत होते, आणि त्याने तिकिटावरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवला. सोळांतल्या बाकीच्या पंधराच्या पंधरा माणसांनी मग आपापले तिकीट मागून घेतले. कागदाचा एवढासा कपटा, पण त्या दिवशी त्यांच्या घामाच्या पैशाचा तोच साक्षीदार होता.

आता माझे निवृत्तिवेतन ईपीएस-95चे, म्हणजे 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेचे आहे, महिन्याला तीन हजारांच्या आत. त्यात औषधे निघतात, बाकीचे मुलगी बघते. त्याबद्दल कधीतरी वेगळे लिहीन.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला आणि चौथ्या महिन्यात पाइपासाठी मधोमध खणला गेला. चर तसाच राहिला. काम कुणाचे, किती रुपयांचे, कधीपर्यंतचे, याचा फलक कुठेच नव्हता. मला वेबिल आठवले. माझ्या खिशातले पन्नास रुपये मी एकतीस वर्षे लिहून दिले, आणि माझ्या दारापुढे खर्च झालेले लाखो रुपये मला वाचायला मिळू नयेत? माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले. विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवायचा असतो, ते मला जमले. उत्तराच्या मुदतीचे तीस दिवस उलटले, उत्तर नाही. वीस रुपयांचे तिकीट लावून पहिले अपील केले. मग चौदा पाने मिळाली, दोन रुपये पान या दराने अठ्ठावीस रुपये. त्यात लिहिले होते, की दोष दायित्वाचा कालावधी तीन वर्षे आहे आणि तोवरची दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची आहे. ती पाने जोडून पुन्हा अर्ज दिला. सात महिन्यांनी चर बुजला. एकूण खर्च अठ्ठावन्न रुपये आणि चौदा हेलपाटे. गल्लीतली माणसे आधी म्हणायची, बाबा रिकामे आहेत. आता तीच आपापल्या कामाचे अर्ज लिहून घ्यायला येतात.

सिंहस्थाचे ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे. 29 ऑगस्ट 2015 च्या पर्वणीला मी भाविकांच्या गाडीवर ड्यूटीला होतो. पहाटेपासून उभा होतो आणि रात्रीच्या भरण्यात शेवटचा रुपया जुळेपर्यंत घरी गेलो नाही. या वेळी शहरात रस्ते, पूल, घाट यांवर जो पैसा ओतला जाणार आहे, त्याची मोजदाद कंडक्टरच्या आवाक्यातली नाही. पण माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात न मागता माहिती उघड करायचे बंधन 2005 पासूनच आहे. म्हणून माझी जाहीर मागणी आहे, की प्रत्येक कामाच्या जागी मराठीत, दहा पावलांवरून वाचता येईल असा फलक लावावा : रक्कम, ठेकेदार, सुरुवात, शेवट आणि दोष दायित्वाची तारीख. आणि आपल्या वृत्तपत्राने दर आठवड्याला एका फलकाचा फोटो छापावा. जिथे फलक नाही, तिथली रिकामी जागा छापावी.

त्या तरुणाला मला एवढेच सांगायचे आहे, की बंगल्यांकडे बघून मलाही खचायला होत असे, आजही कधी कधी होते. मग मी वही काढतो. कोणता अर्ज कधी दिला, तिसावा दिवस कधी, किती रुपये गेले, हे त्यात वेबिलासारखे उभ्या ओळींत लिहिलेले असते. सध्या चार अर्ज चालू आहेत. त्यांपैकी एक आमच्या भागातल्या शाळेसमोरच्या अर्धवट गटारीचा आहे आणि त्याचा तिसावा दिवस येत्या मंगळवारी भरतो. अकरा वाजता मी त्या कार्यालयाच्या खिडकीशी असेन. त्याला पहिली पाळी नसेल तर त्याने यावे. लेखनाला माझ्याकडे कागद आहेत, आणि दहा रुपयांचे एक जादा तिकीटही आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी कंडक्टर,
पंचवटी, नाशिक