रहस्यकथेला निःपक्षपाती आवाज हवा

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बोलत्या पुस्तकांवर आलेला लेख वाचला. स्वयंपाक करताना, प्रवासात किंवा फिरायला गेल्यावर पुस्तक ऐकले की तेवढाच वेळ सत्कारणी लागतो, असा त्याचा सूर होता. इतर पुस्तकांचे मला माहीत नाही. रहस्यकथा मात्र मी वेळ भरून काढण्यासाठी ऐकत नाही. चालताना ऐकलेल्या रहस्यकथेत माझे लक्ष जसे लागते, तसे हातात पुस्तक धरून कधी लागले नाही. म्हणूनच या कथा मराठीत ज्या पद्धतीने ध्वनिमुद्रित होतात, त्याबद्दल हे पत्र.

मी जिल्हा न्यायालयात लघुलेखिका होते. नोकरीची सगळी वर्षे साक्षी ऐकण्यात गेली. सरतपासणी, उलटतपासणी, गरज पडली तर फेरतपासणी. साक्ष ऐकायची, न्यायाधीश सांगतील तशी टिपायची आणि टंकलिखित करून द्यायची. साक्षीदार घुटमळला, रडला, चिडला, तरी त्यावर शेरा मारण्याचा अधिकार माझा नव्हता. तो न्यायाधीशांचा. फौजदारी प्रक्रिया संहितेत त्यासाठी 280 वे कलमच होते. या शिस्तीने माझा कान घडला. आता निवृत्तीनंतर मधुमेहामुळे रोज चालणे सक्तीचे झाले आहे आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बारीक टाइप वाचवत नाही. या दोन्हींमुळे मी रहस्यकथांकडे कानाने वळले.

पहाटे रंकाळ्यावर आम्ही तिघी असतो. एक निवृत्त शिक्षिका, एक खानावळ चालवणाऱ्या मावशी आणि मी. तिघींच्या फोनवर एकच कथा, एकच प्रकरण. चालताना कोणी बोलायचे नाही आणि घरी जाऊन पुढचे ऐकायचे नाही, असा आमचा करार आहे. फेरी संपली की टॉवरजवळच्या कट्ट्यावर बसून संशयितांची यादी होते. मावशींनी आयुष्यभर माणसे पंक्तीला बसवून पारखलेली आहेत. परवा एका कथेच्या दुसऱ्याच प्रकरणानंतर त्या म्हणाल्या, “मॅडम, त्यो भाचाच हाय बघा. मामा मेला म्हणून लई रडतोय.”

भाचाच निघाला. पण मावशींना ते कथेतल्या पुराव्यावरून कळले नव्हते. अभिवाचकाने बाकी सगळ्या पात्रांना साधा आवाज दिला होता आणि एकट्या भाच्याला मात्र गळा दाटून आलेला, जरा जास्तच गोड. त्याच्या प्रत्येक वाक्याखाली सारंगीसारखे काहीतरी वाजत होते. लेखकाने त्या भाच्याला शेवटच्या प्रकरणापर्यंत मेहनतीने झाकून ठेवले होते आणि आवाजाने त्याला आमच्यासमोर आणून उभे केले. लेखकाच्या श्रमांवर हा अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

छापील रहस्यकथेत सगळी पात्रे एकाच टाइपात बोलतात. खुनी आणि निरपराध यांची शाई सारखीच. वाचकाला फसवायचे असेल तर घटनांच्या मांडणीतून फसवावे लागते, आणि तीच या साहित्यप्रकाराची कसोटी आहे. ध्वनिमुद्रणात ही समानता टिकवायची जबाबदारी अभिवाचकावर येते. याचा अर्थ सपाट वाचावे असा नाही. म्हातारा म्हाताऱ्यासारखा बोलू दे, पोलीस पाटील पाटलासारखा बोलू दे. पण कोण खोटे बोलतो आहे, हे अभिवाचकाला ठाऊक असले तरी त्याच्या गळ्याला ते ठाऊक नसावे. असे वाचणारे मराठीत आहेत. एका महिला अभिवाचकाच्या कथा मी आवर्जून शोधते. खुनाचा प्रसंग आणि चहाचा प्रसंग त्या एकाच संथ लयीत वाचतात, आणि अंगावर काटा येतो तो त्या चहाच्या वेळी.

पार्श्वसंगीताबद्दल तर मी अधिक आग्रहाने लिहीन. दार करकरणे, कुत्र्याचे विव्हळणे, पावलांचा आवाज, हे सगळे नभोनाट्यात शोभते, कारण नाटकाची संहिताच तशी लिहिलेली असते. कथेत लेखकाने दार करकरल्याचे शब्दांत लिहिलेले असताना ते पुन्हा वाजवून दाखवायची काय गरज? शिवाय आम्ही रस्त्यावर असतो. कानात अचानक गाडीचा ब्रेक करकचला की माणूस खऱ्या रस्त्यावर दचकून बाजूला होतो, आणि बाजूला खरी गाडी असू शकते. मी नेहमी एकच कान झाकते, दुसरा मोकळा ठेवते. फिरणाऱ्या सर्वांनी तसेच करावे, अशी विनंती आहे. निर्मात्यांनीही ऐकणारा कुठे असतो याचा विचार करावा.

लेखकांसाठीही एक सूचना. अविनाश, अनिल आणि अरुण असे तीन संशयित डोळ्यांना वेगळे दिसतात, कानाला नाहीत. कागदावर मागे जाऊन पाहता येते. चालताना फोन काढायचा, चष्मा लावायचा, तीस सेकंद मागे जायचे, यात धागा तुटतो. पुस्तक आता ऐकलेही जाणार आहे हे धरून नावे ठेवली, तर ऐकणाऱ्यांवर उपकार होतील.

मागे जाणे अवघड आहे, तसेच पुढे डोकावणेही. वाचनालयाच्या रहस्यकथांत तिसऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवलेले मी लहानपणी पाहिले आहे. शेवटचे पान आधी वाचणारे तर घरोघरी होते. ऐकताना तो मोह होत नाही. कथा लेखकाने ठरवलेल्या क्रमानेच कानी पडते, पावलांच्या वेगाने. साक्षही अशीच, एकेक प्रश्न करत पुढे जाते. म्हणून वेग सव्वापट करून ऐकणाऱ्यांना मी सांगते, निदान रहस्यकथा तरी तशी ऐकू नका. साक्षीदार कुठे थांबला यातच अर्धे उत्तर असते.

आता ग्रंथालयांविषयी. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, आमच्या कोल्हापुरात तर 1850 पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर आहे. माझ्या वयाच्या सभासदांना आता टाइप दिसत नाही, पण गोष्टीची ओढ तशीच आहे. ज्यांना छापील मजकूर वाचताच येत नाही अशा अंध-अपंगांसाठी ध्वनिप्रती करायला 2012 च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायदा मुभा देतो. आमच्यासारख्यांसाठी मात्र हक्कधारकांची संमती लागेल. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात. हजारांवर रहस्यकथा लिहिणारे बाबुराव अर्नाळकर 1996 साली गेले, म्हणजे त्यांच्या कथांचे हक्क 2056 अखेरपर्यंत आहेत. तोवर थांबायला आम्ही असणार नाही. हक्कधारकांशी बोलून, योग्य मानधन देऊन, निवडक जुन्या मराठी रहस्यकथा ग्रंथालयांनी सभासदांसाठी ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. परदेशी कथांपैकी ज्यांचे हक्क संपले आहेत, त्यांचे नवे अनुवाद करवून घेणे त्याहून सोपे आहे.

असे काम कोल्हापुरात कोणी हाती घेतले, तर आम्ही तिघी एक जबाबदारी विनामोबदला घ्यायला तयार आहोत. ध्वनिमुद्रण सभासदांना देण्यापूर्वी आमच्याकडे द्यावे. आम्ही चालत ऐकू आणि खुनी कोणत्या मिनिटाला आवाजावरून कळला, ते प्रकरणनिहाय लिहून देऊ. मावशींच्या कानातून जे ध्वनिमुद्रण सुटेल, ते कुठेही द्यायला हरकत नाही.

आपली,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखिका,
कोल्हापूर