सह्या पुढच्या महिन्याच्याही!

महोदय,

गेल्या नाताळात गव्हाणी उभारायला आम्ही दहा-बारा जण चर्चमध्ये जमलो होतो. गायनमंडळाच्या माडीखालचा कोपरा रिकामा करताना खुर्च्यांच्या चळतीमागून आग विझवण्याचा लाल सिलिंडर निघाला. त्याच्या गळ्यातल्या कार्डावर दर महिन्याच्या तपासणीची सही होती, पण दाब दाखवणारा काटा हिरवा पट्टा सोडून तांबड्यात. कार्ड नीट वाचलं, तर पुढच्या दोन महिन्यांच्या सह्याही होऊन गेलेल्या! सही करणाऱ्यावर खापर फोडून मी मोकळा होणार नाही. चर्चच्या समितीवर मी तीन वर्षं होतो आणि ते कार्ड एकदाही हातात घेतलं नव्हतं.

नोंदी ठेवायची सवय आम्हाला नाही असंही नाही. पणजोबांचा बाप्तिस्मा कधी झाला हे विचारा, कार्यालयातून रजिस्टर पानासकट समोर येतं. सिलिंडर शेवटचा कधी भरला, हे मात्र कुणालाच सांगता येईना.

खरं तर काम महिन्याला अर्ध्या तासाचं. पावडरच्या सिलिंडरचा काटा पाहायचा, पिन आणि सील जागेवर आहे का बघायचं, खाली बसलेली पावडर मोकळी व्हावी म्हणून तो उलटासुलटा करायचा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो. तो वजन करूनच कळतो. आमच्या एका सिलिंडरच्या नळीत तर कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. लांबून पाहून सही ठोकणाऱ्याला ते दिसणार कसं? म्हणून वहीत नुसतं ‘ठीक’ लिहू नये. काटा कुठे होता, वजन किती भरलं, हे लिहावं. आकडा लिहायचा तर सिलिंडरपर्यंत जावंच लागतं.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली येणाऱ्या इमारतींना यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. राष्ट्रीय इमारत संहिता प्रार्थनास्थळांना लोक जमण्याच्या इमारतींतच धरते. पण सहा महिन्यांनी येणारा माणूस मधल्या रविवारी सिलिंडरसमोर लागणाऱ्या खुर्च्या हटवायला येणार नाही. ते आपणच करायचं.

आणि सिलिंडर म्हणजे सगळं नव्हे. १४ ऑगस्ट २०२२ रोजी इजिप्तमध्ये गिझाच्या इंबाबा भागातल्या कॉप्टिक चर्चला रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी आग लागली. कारण वातानुकूलन यंत्रातला विजेचा बिघाड. ४१ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. बहुतेकांचा जीव धुराने घेतला. आपल्याकडे सणाला एकाच बोर्डावरून रोषणाईच्या किती माळा ओढतो आपण! वरून सागवानी छप्पर, आणि नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, पाय ठेवायला जागा नसते.

आता आमच्याकडे दोन तरुण पहिल्या रविवारी मिस्सा संपल्यावर फेरी मारतात, ताणकाटा घेऊन. पहिल्याच फेरीत एक सिलिंडर भरायला पाठवावा लागला. वसईतल्या इतर धर्मग्रामांनी, आणि मंदिर-मशिदींच्या विश्वस्तांनीही, आपापली कार्डं एकदा काढून पाहावीत.

दानपेटी फुटल्यापासून बाजूच्या दरवाजाला कुलूप असतं. चावी सॅक्रिस्टीतल्या, म्हणजे धर्मगुरूंच्या तयारीच्या खोलीतल्या, कपाटात आणि कपाटाची चावी एकाच माणसाच्या खिशात. याविषयी दोनदा लेखी विचारलं आहे. उत्तराची वाट पाहतो आहे.

– एक धर्मग्रामस्थ, वसई