‘एस’ची पट्टी हातात देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण कार्डं, दोरी आणि खेळांतून इंग्रजी व्याकरण शिकवायचं जे तुमच्याकडून मला मिळालं ते इंग्रजी शिकवणाऱ्या आणखी कुणाच्या तरी कामी यावं असं मनापासून वाटतं. तुम्ही स्वतः यातलं काही लिहून ठेवलं नाहीत. विचारलं की “वर्गात येऊन बघ” एवढंच म्हणायचात.

सगळ्यात आधी आभार त्या ‘एस’च्या पट्टीसाठी. “‘डज’ आलं की क्रियापदाचा ‘एस’ जातो” हा नियम विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवतात आणि लगेच “डज शी लाइक्स म्युझिक?” असं विचारतात. तुम्ही नियम सांगितलाच नाहीत. ‘शी’, ‘लाइक’ आणि ‘म्युझिक’ ही तीन कार्डं घेऊन तिघं जण रांगेत उभे होते. ‘लाइक’च्या कार्डाला चिमट्याने लाल पट्टी लावलेली, तिच्यावर ‘एस’. अशी पट्टी अख्ख्या वर्गात एकच. प्रश्न करायची वेळ आली तेव्हा ‘डू’चं कार्ड घेतलेली मुलगी रांगेच्या पुढे येऊन उभी राहिली, तिने ‘लाइक’ची पट्टी काढली, उलटी केली आणि आपल्या कार्डाला लावली. पट्टीच्या मागे तुम्ही आधीच ‘ईएस’ लिहून ठेवलं होतं. ‘डज’ तयार झालं आणि ‘लाइक’ मोकळं उरलं. पट्टी एकच असल्यामुळे ती दोन ठिकाणी असूच शकत नव्हती. त्यानंतर कुणी “डज शी लाइक्स” म्हटलंच, तर शेजारचा फक्त बोटाने पट्टी काढल्याची खूण करायचा.

भूतकाळातही हीच युक्ती. ‘वेंट’च्या कार्डामागे ‘गो’. ‘डिड’ पुढे आलं की भूतकाळाचा भार त्याच्याकडे गेला, म्हणून ‘वेंट’वाल्याने आपलं कार्ड उलटं करायचं. आणि ‘शी इज सिंगिंग’ या वाक्यात मात्र ‘डू’ जागेवरून उठलाच, तर तुम्ही त्याला हाताने थांबवायचात; कारण ‘इज’ स्वतःच ‘शी’च्या पुढे चालत जाऊ शकते. मदतीला कुणाला बोलवावं लागतं आणि कुणाला नाही, हे कळलं की इंग्रजी प्रश्नांचा अर्धा गुंता सुटतो. आपल्या भाषेत ‘ती गाते’चा प्रश्न करायला शेवटी ‘का’ जोडलं की झालं, कुणालाही जागा सोडावी लागत नाही. शब्दांनी जागा बदलणं हीच नवी गोष्ट असेल, तर ती वहीत समजावण्यापेक्षा पायांनी चालून बघणं किती सरळ!

दोरीबद्दलही आभार मानायचे आहेत. जमिनीवर लांब दोरी, तिच्यावरची गाठ म्हणजे ‘आत्ता’. ‘शी लॉस्ट हर की यस्टर्डे’साठी एक जण गाठीच्या मागे, कालच्या खुणेवर उभा. ‘शी हॅज लॉस्ट हर की’साठी मात्र उभं राहायचं गाठीवरच, हातात एक सुतळी, तिचं दुसरं टोक मागे कुठेतरी पडलेलं. घटना मागे घडली, पण तिचं टोक आत्ता हातात आहे. किल्ली अजून सापडलेली नाही. मग कुणी ‘यस्टर्डे’चं कार्ड आणलं की सुतळी सोडून त्या दिवसावर जाऊन उभं राहावं लागायचं. ‘हॅव लॉस्ट’ आणि ‘यस्टर्डे’ एकत्र का नांदत नाहीत, यावर मी इतकं स्वच्छ उत्तर दुसरीकडे पाहिलेलं नाही.

रंगीत कांड्यांचं थोडक्यात सांगते. बेल्जियमचे शिक्षक जॉर्ज क्विझनेअर यांनी त्या गणितासाठी तयार केल्या, १ ते १० सेंटिमीटर लांबीच्या, प्रत्येक लांबीचा रंग वेगळा. शिक्षणतज्ज्ञ केलेब गाटेन्यो यांनी त्या भाषेच्या वर्गात आणल्या. ‘लाँगर दॅन’, ‘द लाँगेस्ट’, ‘बिटवीन’, ‘बिहाइंड’ यांसाठी त्या उत्तमच. एक जण रचना सांगतो आणि दुसरा मध्ये पुठ्ठा उभा करून न बघता तशीच रचना करतो.

पण बाई, या सगळ्या सामानापेक्षा मोलाचा होता तुमचा एक प्रश्न. मी कुठलाही नवा खेळ दाखवला की तुम्ही विचारायचात, “व्याकरण न वापरता हा जिंकता येतो का?” येत असेल तर तो खेळ चांगला असेल, पण व्याकरणाचा नाही. दोन चित्रांतले फरक शोधायचा खेळ “कॅट? टेबल?” एवढ्यावरही जिंकता येतो. म्हणून तुम्ही तीन चित्रं काढलीत: दाराकडे हात नेणारी बाई, दार ढकलणारी बाई, उघड्या दाराशी उभी असलेली बाई. ‘शी इज गोइंग टू ओपन द डोअर’, ‘शी इज ओपनिंग द डोअर’, ‘शी हॅज ओपन्ड द डोअर’. तीनही वाक्यांत बाई तीच, दार तेच. ऐकणाऱ्याला योग्य चित्रावर बोट ठेवायचं तर क्रियापदाचं रूपच ऐकावं लागतं, दुसरा आधार नाही. या एका कसोटीने मी माझं खेळांचं कपाट निम्मं रिकामं केलं, आणि त्याचं मला समाधान आहे.

दुसरी शिस्तही तुमचीच: कार्डं वेळेवर आवरायची. हाताला समजलं की लगेच कार्डं पिशवीत आणि प्रत्येकाने शेजाऱ्याला खरोखर जाणून घ्यायचे आहेत असे प्रश्न विचारायचे. मोठ्या वयाच्या ज्या विद्यार्थ्यांना रांगेत उभं राहणं अवघड वाटायचं, त्यांना तुम्ही त्याच पट्ट्या छोट्या करून बाकावर द्यायचात, त्याबद्दल कधी चकार शब्द न काढता. ते मी लक्षात ठेवलं आहे.

सध्या मी ‘हू’च्या वाक्यांना कात्री लावते आहे. ‘दॅट इज द मॅन’ आणि ‘आय मेट हिम’ अशा दोन पट्ट्या. ‘हिम’ कापून काढायचं, त्याच्या बदल्यात ‘हू’ मिळतं आणि ते ‘मॅन’ला चिकटवायचं. “द मॅन हू आय मेट हिम” असं म्हणणाऱ्याला कापलेला ‘हिम’ बाकावर पडलेला दिसतो. तुमच्या कसोटीला हे उतरतं असं मला वाटतं, पण ‘हूज’पाशी पट्ट्या अडतात, तिथे ‘हिज’ काढलं तरी पुढचं नाम सोबत उचलून आणावं लागतं. त्यासाठी लांब पट्टी दुमडून बघते आहे. नमुना सोबत पाठवला आहे. वापरून बघा आणि जिथे खटकेल तिथे पेन्सिलीने खूण करून परत पाठवा.

तुमची ऋणी,
एक इंग्रजी शिक्षिका