चकमकीबाहेरचे रिबेरो

महोदय,

पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणींची पुस्तके हल्ली बरीच निघतात. त्यातली कितीतरी ‘मी किती जणांना उडवले’ या हिशेबातच संपतात. ज्युलिओ रिबेरो यांचे ‘बुलेट फॉर बुलेट’ (१९९८) हे आत्मकथनही नावावरून त्याच पठडीतले वाटते. प्रत्यक्षात वाचकाला भेटतो तो गोळीपेक्षा कायद्यावर आणि माणसांवर जास्त भिस्त ठेवणारा अधिकारी.

१९८२ मध्ये ते मुंबईचे पोलीस आयुक्त झाले, तेव्हा गिरणी संप पेटलेला होता. त्याच ऑगस्टमध्ये खुद्द पोलीस शिपाईच रस्त्यावर उतरले. स्वातंत्र्यदिनी काळ्या फिती लागल्या, संघटनेच्या पुढाऱ्यांना अटक झाली, १८ तारखेला शहर पेटले आणि लष्कर बोलवावे लागले. बंदोबस्त ज्यांनी ठेवायचा, तेच समोर उभे! अशा वेळी आयुक्ताने काय करायचे? रिबेरो शिस्तीच्या बाजूने ठाम राहिले. ते मला पटते, पण पूर्ण नाही. नायगावच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत संसार करायचा आणि साप्ताहिक सुटीचा भरवसा नाही, अशा शिपायाचा राग निव्वळ बेशिस्त म्हणून बाजूला सारता येत नाही.

दहशतवादाच्या दिवसांत पंजाबचे पोलीसप्रमुख म्हणून त्यांचा काळ सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये जालंधरला, पोलिसांच्याच आवारात, पोलिसी गणवेशातल्या हल्लेखोरांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पत्नीही जखमी झाल्या. पुढे १९९१ मध्ये रोमानियात राजदूत असताना बुखारेस्टमध्ये पुन्हा हल्ला झाला. यातून वाचलेला माणूस निवृत्तीनंतर घरी आरामात बसला असता, तर कोणी नावे ठेवली नसती.

रिबेरो मात्र मुंबईत परतून मोहल्ला समितीच्या कामाला लागले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर पोलीस आणि वस्तीतली माणसे एकमेकांकडे संशयाने पाहत होती. त्यांना एका सतरंजीवर बसवायचे, गटार, पाणी, भोंगा अशा कुरबुरी तिथल्या तिथे मिटवायच्या, पोलीस आणि वस्तीतल्या पोरांचे क्रिकेट सामने भरवायचे. याला ना पदक मिळते, ना कोणी यावर सिनेमा काढतो. माझ्या लेखी त्यांची खरी कामगिरी हीच.

पुस्तक वाचून खटकते ती बदल्यांची गोष्ट. राजकारण्यांच्या चिठ्ठ्याचपाट्यांवर पोलीस दल चालू नये, हा त्यांचा धोशा जुना. पोलीस सुधारणांचा आढावा घ्यायला सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून १९९८ मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. पोलीस सुधारणांवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंग निकालाने महत्त्वाच्या पदांवर किमान दोन वर्षांचा कार्यकाळ सांगितला, महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायदाही दुरुस्त केला. तरी ‘प्रशासकीय कारण’ आणि ‘जनहित’ या पळवाटा उघड्याच आहेत. मुदतीआधी बदली करायची असेल, तर लेखी कारण गृह विभागाने त्याच दिवशी संकेतस्थळावर टाकावे. त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही, एक परिपत्रक पुरे. आपल्या दैनिकाने ही मागणी लावून धरावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, दादर