स्क्रूची लांबी लिहून ठेवणाऱ्या अनामिकास

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं नाव कुठल्याच पानावर नाही. सर्व्हिस मॅन्युअलवर, म्हणजे लॅपटॉप उघडून दुरुस्त करण्याच्या पुस्तिकेवर, कंपनीचं नाव असतं, मॉडेल असतं, आवृत्तीची तारीख असते. लिहिणाऱ्याचं नाव नसतं. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहावं लागतंय. दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप रॅम (चालू कामाची मेमरी) वाढवल्यावर आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घातल्यावर पुन्हा कामाला लागतो. पण हे दोन्ही भाग बसवण्याआधी तो न मोडता उघडावा लागतो, आणि ते जमतं तुमच्यामुळे. आम्हां दुरुस्ती करणाऱ्यांकडून त्याबद्दल मनापासून आभार.

सुरुवात बॅटरीच्या पानापासून करतो. भाग कोणताही काढायचा असो, तुमच्या पहिल्या ओळी त्याच: मशीन बंद करा, अडॅप्टर काढा, बॅटरी काढा. घाईतला माणूस नेमक्या याच ओळी गाळतो. लॅपटॉप बंद दिसला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डाच्या काही भागात वीज असते, आणि तो स्लीपमध्ये असेल तर रॅमचा पुरवठा चालूच असतो. अशा वेळी मॉड्यूल, म्हणजे रॅमची छोटी पाटी, ओढलं तर ते जातं, कधी बोर्डही. बॅटरी आत बसवलेली असेल त्या थिंकपॅड लॅपटॉपमध्ये ती बायॉसमधून (मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधून) तात्पुरती बंद करता येते, हे तुम्ही लिहिलंत म्हणून आम्हाला कळलं. त्याला आम्ही एवढीच जोड देतो: सगळं काढल्यावर पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरायचं, म्हणजे उरलासुरला चार्जही निघून जातो.

मग स्क्रू. प्रत्येक आकृतीखाली तुम्ही व्यास आणि लांबी दिलीत, एम२ की एम२.५, ३ मिलिमीटर की ६, हे किती मोलाचं आहे ते चूक झाल्यावरच समजतं. आखूड भोकात लांब स्क्रू पिळला की पाम रेस्टवर (तळहात टेकतो त्या भागावर) फुगवटा येतो, नाहीतर टोक बोर्डाला भिडतं. म्हणून काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर काढलेल्या झाकणाच्या चित्रात त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवावा. नायलॉनचा लेप असलेले स्क्रू पुन्हा न वापरता नवे घ्या, हेही तुम्ही सांगितलंत. हादऱ्यांनी स्क्रू सैल होऊ नये म्हणून तो लेप असतो आणि एकदा पिळल्यावर तो झिजतो. झाकणाच्या क्लिपा कुठे आहेत हेही तुम्ही बाणांनी दाखवता, त्यामुळे स्क्रूड्रायव्हर खुपसावा लागत नाही. प्लॅस्टिकची पातळ पट्टी पुरते. कीबोर्डच्या रिबन केबलपाशी तुम्ही आधी कनेक्टरची पट्टी उचला, मग केबल ओढा असा क्रम देता. तो उलटा झाला की कनेक्टरची पट्टी तुटते, आणि तेवढ्यासाठी कीबोर्ड निकामी होतो.

रॅमच्या तक्त्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायलाच हवं, कारण सर्वाधिक पैसे तिथेच वाया जातात. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्या. डीडीआर३च्या लॅपटॉप मॉड्यूलला २०४ पिना, डीडीआर४ला २६०. खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसऱ्याच्या जागी बसतच नाही. फसगत होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांच्यात. पिना तेवढ्याच, खाचही तिथेच, फक्त व्होल्टेज वेगळं: पहिल्याला १.५ व्होल्ट, दुसऱ्याला १.३५. ३एल मॉड्यूल साधारणपणे दोन्हींवर चालतं, पण इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टचंच लागतं. तिथे साधं डीडीआर३ घातलं की पडदा काळा राहतो आणि माणसाला वाटतं मशीन गेलं. शंका असेल तिथे ३एल घ्यावं. वेगाचे आकडेही तुम्ही दोन्ही तऱ्हांनी देता हे बरं करता, कारण लेबलवर कधी १६०० असतं, तर कधी १२८००. दोन्ही एकच: प्रत्येक खेपेला ८ बाइट जातात, म्हणून १६०० ला ८ ने गुणलं की १२८००.

कमाल रॅमच्या आकड्यावरून तुम्हाला बोल लावला जातो, तो आम्हाला पटत नाही. २०११च्या थिंकपॅड एक्स२२० साठी अधिकृत मर्यादा ८ जीबी आहे. प्रत्यक्षात त्यात ८ जीबीची दोन मॉड्यूल, म्हणजे १६ जीबी, व्यवस्थित चालते. तरी तुमचा आकडा चुकीचा म्हणता येत नाही. तेवढ्याची कंपनीने खात्री दिलेली असते, आणि ती ओलांडायची तर प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरची (रॅम हाताळणाऱ्या भागाची) मर्यादा पाहूनच. हाच धडा उलटाही आहे. चौथ्या पिढीच्या मशीनमध्ये १६ जीबीचं एकच डीडीआर३एल मॉड्यूल चालत नाही, कारण त्यातल्या ८ गिगाबिटच्या (म्हणजे प्रत्येकी १ जीबीच्या) चिपा त्या कंट्रोलरला ओळखताच येत नाहीत. म्हणून जुन्या लॅपटॉपसाठी ८ जीबीचं डीडीआर३ मॉड्यूल घेताना चिपा मोजाव्यात. दोन्ही बाजूंना मिळून १६ असतील तर त्या ४ गिगाबिटच्या, आणि काम होईल. आठच असतील तर ते मॉड्यूल परत करावं.

आणि बोर्डावर सोल्डर केलेली रॅम! थिंकपॅड टी४४०एस मध्ये ४ जीबी बोर्डावरच आहे आणि स्लॉट एकच, त्यामुळे ८ घातले की १२ वर थांबायचं. हे तुमच्या पानावर नसतं तर कितीजणांनी जोडीची मॉड्यूल घेऊन एक फुकट ठेवलं असतं.

मॉड्यूल बसवण्याची तुमची आकृती छोटी आहे, पण तिरका कोन तिच्यात स्पष्ट दिसतो. साधारण ३० अंशांत, सोनेरी पट्ट्या जवळपास दिसेनाशा होईपर्यंत आत ढकलायचं, मग खाली दाबायचं. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसायला हव्यात. रॅम बदलल्यावर पडदा काळा राहण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे अर्धवट बसलेलं मॉड्यूल. पहिल्यांदा सुरू करताना मात्र मिनिटभर धीर धरावा; काही मशीन नवी रॅम ओळखताना स्वतःच एकदा बंद होऊन चालू होतात. तरीही काही दिसलं नाही तर एकेक मॉड्यूल घालून पाहावं. पट्ट्या खोडरबरने घासायची सवय आम्हाला पसंत नाही, सोन्याचा मुलामा पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड बरं. त्यानंतर मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची किमान एक फेरी पूर्ण होऊ द्यावी. एकही चूक दाखवली तरी ते मॉड्यूल ठेवू नये, कारण फायली गुपचूप बिघडतात आणि दोष भलत्याच गोष्टीवर येतो.

आता डिस्क. मिनिटाला ५४०० फेऱ्यांची हार्ड डिस्क एक फेरी ११ मिलिसेकंदांत पुरी करते, म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली येण्यातच सरासरी साडेपाच मिलिसेकंद जातात, आणि डोकं हलण्याचा वेळ वेगळा. सेकंदाला विखुरलेली साठ-सत्तर वाचनं, यापलीकडे ती जात नाही. साधी एसएसडी तिथे हजारोंनी वाचते. म्हणून जुन्या लॅपटॉपचं साटा पोर्ट (डिस्क जोडायची जागा) सेकंदाला ३ गिगाबिटचंच असलं तरी एसएसडी घालावी. सलग वाचनाचा वेग पोर्टमुळे अर्ध्यावर येईल, पण रोजच्या कामात फरक पडतो तो लहान वाचनांमुळे.

इथेही तुमचे मिलिमीटरच कामी येतात. एक्स२२० च्या खणात ७ मिलिमीटर जाडीचीच डिस्क बसते, तर कित्येक मशीनच्या खणांत ९.५ ची. तिथे ७ ची एसएसडी अडीच मिलिमीटरची चौकट लावून बसवायची, नाहीतर ती कनेक्टरवर डगडगते. एक्स२२० मध्ये एमसाटा स्लॉटही (छोट्या एसएसडीची जागा) आहे, पण तो ३ गिगाबिटचा, म्हणून मुख्य एसएसडी अडीच इंची खणातच शोभते. एम.२ स्लॉट (पातळ, लांबट एसएसडीची जागा) असेल तर २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, इतकं कुणालाही कळतं. तो स्लॉट साटा बोलतो की एनव्हीएमई (त्याहून वेगवान पद्धत), हे मात्र आकारावरून कळत नाही. ते तुमच्याच तक्त्यात पाहावं लागतं.

जुन्या डिस्कवरचा मजकूर नव्या डिस्कवर नेण्याबद्दल तुम्ही लिहीत नाही; ते तुमचं काम नव्हे. ती उणीव क्लोनझिला हा डिस्कची हुबेहूब प्रत (क्लोन) काढणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी भरून काढली, त्यांचेही आभार. त्याआधी जुन्या डिस्कचे स्मार्ट आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघावेत: ५, १९७ आणि १९८ क्रमांकांच्या ओळींत शून्याहून जास्त काही असेल तर नेहमीसारखं क्लोन न करता आधी डीडीरेस्क्यूने (बिघडत्या डिस्कवरून मजकूर काढणाऱ्या प्रोग्रॅमने) वाचेल तेवढं वाचवावं. ५०० जीबीवरून ४८० वर जाताना आधी पार्टिशन (डिस्कवरचा विभाग) आवळून घ्यावं लागतं, मजकूर शंभर जीबीच असला तरी. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करावं, बिटलॉकर (डिस्कचं सांकेतिक कुलूप) थांबवावं, आणि बायॉसमधला साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत, आयडीई किंवा एएचसीआय) मध्येच बदलू नये. आयडीईवर टाकलेलं विंडोज एएचसीआयवर नेलं की निळा पडदा येतो, आणि लोक एसएसडीला नावं ठेवतात. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क बाहेर काढलेली असावी. दोन्हींची ओळखखूण एकच असल्याने विंडोज गोंधळतं. ती जुनी डिस्क महिनाभर तरी न पुसता ठेवावी.

एक विनंती करून थांबतो. नवीन मॅन्युअल लिहाल तेव्हा रॅम सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये, हे पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. मॉडेल बंद झालं तरी ती फाइल कंपनीच्या साइटवरून काढू नका, असं वरिष्ठांना सांगता आलं तर तेही सांगा. आणि स्क्रूंचा तक्ता आहे तसाच राहू द्या.

कळावे, लोभ असावा.

आपले,
जुने लॅपटॉप उघडणारे आम्ही