मावशीला काय सांगायचं

ती. आई-बाबांना सा. न.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "मावशीला काय सांगू, तू करतेस काय?" मला पटकन उत्तर सुचलं नाही, म्हणून हे पत्र.

सांग, की पोरीला पहिला सिनेमा मिळाला. सात वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली फोकस ओढला, आता कॅमेऱ्याची सगळी जबाबदारी माझी.

बाबा, फोकस ओढणं म्हणजे काय ते मी कधी नीट सांगितलंच नाही. नट चालत पुढे येतो तसं कॅमेऱ्यापासून त्याच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर पावलागणिक बदलतं. आधी टेपनं मोजायचं, जमिनीवर खुणा करायच्या. टेक सुरू झाला की मोजायला वेळ नसतो, अंदाजानं रिंग फिरवायची. बोटभर चुकलं तर डोळे धूसर आणि कान लख्ख. जूनमध्ये केळीची मृगबाग लावताना पाच बाय पाच फुटांवर दोरीचं एक टोक तुम्ही धरायचात, दुसरं मी. "ढिली सोडू नको," म्हणायचात. टेप धरताना अजून तेच ऐकू येतं.

सुरुवातीला एका सेटवर मला म्हणाले, "मॅडम, मेकअप रूम तिकडे." खांद्यावर कॅमेऱ्याची पेटी होती तरीही. आउटडोअरला बाथरूम नसायचं, म्हणून मी दिवसभर पाणी प्यायचे नाही. आई, तुला हे सांगितलं नाही, तू रडली असतीस.

पण वाट आधी कुणीतरी पाडून ठेवलीय गं. तमिळमध्ये बी. आर. विजयालक्ष्मी १९८५ पासून सिनेमे शूट करत होत्या. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या अंजुली शुक्लांना 'कुट्टी स्रांक'साठी छायालेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्याच बाई. ही नावं मला फार उशिरा कळली. रावेरच्या कॉलेजात कुणी सांगितली असती तर मी दोन वर्षं बी.एड.च्या अर्जात घालवली नसती.

बाबा, पारावर कुणी विचारलं की तुम्ही "मुंबईला कंपनीत आहे" म्हणता. माझी काळजी वाटते म्हणूनच म्हणता, कळतं मला. यापुढे "कॅमेरा चालवते" म्हणा. एवढं माझ्यासाठी कराच.

शूटिंग ऑगस्टमध्ये आहे, म्हणून जूनमध्ये लागवडीला आठ दिवस येते. केळीच्या पानांतून गाळून येणारा तो हिरवा उजेड मला सकाळी सातला आणि दुपारी बघायचाय, सिनेमात तसाच हवाय. आई, कळण्याच्या भाकरीचं पीठ दळून ठेव. बाबा, बीपीची गोळी चुकवू नका, आणि दोरी उंदरांनी कुरतडली नाही ना तेवढं बघा.

तुमची,
ताई